गोव्यात दारू सोडायची आहे? पहिल्या मीटिंगपर्यंत कसे पोहोचाल

दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसे जिथे एकमेकांना आधार देतात, ती संघटना अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए. गोव्यात तिच्या मीटिंग पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को अशा शहरांत भरतात, काही गावांतही भरतात. तरी ज्याला त्यांची गरज आहे त्याच्या नजरेला त्या सहसा पडत नाहीत. दारावर मोठा बोर्ड नसतो, पेपरात जाहिरात क्वचितच येते, आणि आत कोण बसले होते हे बाहेर बोलायचे नाही हा तर त्यांचा दंडकच. मी स्वतः पिणारी नाही. घरातल्या माणसामुळे या वाटेला लागले. कुटुंबीयांच्या मीटिंगला जाते, ए.ए.च्या खुल्या मीटिंगलाही बसते. तिथे येणाऱ्या नव्या माणसांकडे बघून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे: नुसता पत्ता घेतलेला माणूस बहुधा येत नाही. आतल्या कोणाशी तरी फोनवर चार शब्द बोललेला येतो.

हे माझे एकटीचे मत नाही. 1981 साली अमेरिकेत 20 जणांवर एक छोटासा अभ्यास झाला. अर्ध्या लोकांना मीटिंगची वेळ, ठिकाण, माहिती, सगळे दिले. उरलेल्या अर्ध्यांना समुपदेशकाने समोर बसवून ए.ए.च्या सभासदाशी फोनवर बोलायला लावले आणि त्या सभासदाने सोबत यायची तयारी दाखवली. दुसऱ्या गटातले सगळे मीटिंगला गेले. पहिल्या गटातला एकही गेला नाही. 20 म्हणजे फार माणसे नव्हेत, पण मीटिंगला बसणाऱ्या कुणालाही या निकालाचे नवल वाटणार नाही. म्हणून या लेखात पत्त्यांची यादी देत नाही. जागा आणि वेळा बदलत राहतात. यादी जुनी निघाली आणि माणूस बंद दारावरून परत गेला, तर तो पुन्हा यायचे नावच काढत नाही. त्यापेक्षा माणूस कसा गाठायचा ते सांगते.

आधी शरीराकडे बघा

हे पाऊल ओलांडून पुढे जाऊ नका. जो रोज भरपूर पितो, सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याच्या हाताची थरथर थांबत नाही, त्याने "आजपासून बंद" म्हणून घरात कोंडून घेणे जिवावर बेतू शकते. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच घाम, थरथर, उलटी, झोप उडणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या आसपास काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आले आहे असे वाटते, दिवस कोणता ते कळत नाही. हा वेडेपणा नव्हे आणि नाटक तर नव्हेच. ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. फिट आली, बडबड सुरू झाली, ताप चढला, तर 108 ला फोन करा. देवळातला अंगारा नंतर लावता येईल.

ज्याला आधी असा त्रास होऊन गेला आहे, त्याने सोडण्याआधीच डॉक्टरांना भेटावे. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या जवळ आयपीएचबी ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. दारूचे उपचार हे तिथले नेहमीचे काम. म्हापशाचे आणि मडगावचे जिल्हा इस्पितळही आहे. तिथे जाऊन "किती, कधीपासून, शेवटची कधी" एवढे खरे सांगा. थोडी कमी करून सांगितलीत तर औषधाचा हिशेब चुकतो. "वेड्यांच्या इस्पितळात कसे जायचे" ही लाज मी अनेक घरांत पाहिली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये दारूशी निगडित मानसिक विकारही येतात, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क त्याच कायद्याने दिलेला आहे. तुमचे नाव तिथून पंचायतीपर्यंत जात नाही.

आणि घरच्या बायकांना हात जोडून सांगते: "न कळत जेवणात घाला, दारू सुटेल" अशी पुडी किंवा गोळी कधीही घालू नका. काही गोळ्यांत डायसल्फिराम असते. त्यावर दारू प्याली तर छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणे, आणि कधीकधी मृत्यूही. डॉक्टर ते औषध देतात, पण घेणाऱ्याला सगळे समजावून आणि त्याच्या संमतीने.

मग फोन

1935 च्या मे महिन्यात बिल डब्ल्यू. नावाचा एक माणूस धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात आला होता. काम फिसकटले. हॉटेलच्या लॉबीत तो उभा, एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला फोन. दारू सुटून काही महिनेच झाले होते. त्याने चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला सुरुवात केली, का तर बोलायला दुसरा एखादा पिणारा हवा होता. शेवटी गाठ पडली ती डॉ. बॉब यांच्याशी. त्या वर्षी 10 जूनला डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला, आणि तीच तारीख ए.ए.चा स्थापना दिवस मानतात. जगभर पसरलेली ही सगळी चळवळ फोन उचलण्यापासूनच सुरू झाली आहे.

नंबर मिळवायच्या वाटा अशा. ए.ए.च्या भारतातल्या मुख्य कार्यालयाला जी.एस.ओ. इंडिया म्हणतात. त्यांच्या वेबसाइटवर हेल्पलाइन आणि राज्यांनुसार माहिती असते. नेटवर "ए.ए. गोवा" असेही शोधा. एका भागातल्या गटांचे मिळून जे सामाईक मंडळ असते त्याला इंटरग्रुप म्हणतात, आणि कोणता गट कुठे, किती वाजता, हे ताजे तिथेच कळते. नेटची सवय नसेल तर इस्पितळातल्या समुपदेशकाला विचारा, किंवा जवळच्या चर्चच्या ऑफिसात जाऊन "इथे ए.ए.ची मीटिंग होते का" एवढे विचारा. कोणासाठी, हे सांगायची गरज नाही. सरकारची राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 आहे, फोन फुकट लागतो. मन फारच खचले असेल, जिवाचे बरेवाईट करायचे विचार येत असतील, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालू असतो. तो आधी लावा.

ए.ए.चा फोन उचलणारा पगारी नसतो. तोही एके काळी पीत होता, आता कुठेतरी नोकरी-धंदा करतो. दुपारी उचलला नाही तर संध्याकाळी पुन्हा करा, किंवा "दारूबद्दल बोलायचे आहे, कृपया फोन करा" असा मेसेज टाका. बोलणे साधारण असे होते:

"नमस्कार, मी पेडण्याकडून बोलतोय. दारू सोडायची आहे. मीटिंग कुठे असते?"

"बरे केलेत फोन केलात. शेवटची कधी घेतली?"

"काल रात्री."

"अंग थरथरतेय का? फिट वगैरे कधी आली होती?"

हा प्रश्न आला की गडबडून जाऊ नका. ते डॉक्टर नसतात, पण आधी इस्पितळात पाठवायचे की सरळ मीटिंगला बोलवायचे हे त्यांना ठरवायचे असते. पुढे तुम्ही चार गोष्टी विचारा. जवळची मीटिंग कोणत्या दिवशी आणि किती वाजता? तिथे बोलतात कोणत्या भाषेत? खुली आहे की बंद? आणि सगळ्यात महत्त्वाचे: "गेटपाशी कोणी भेटेल का?" बहुतेक वेळा "मीच थांबतो" असेच उत्तर येते. तेवढ्यावर निम्मे काम झाले. खरे नाव सांगायला नको वाटत असेल तर नुसते पहिले नाव सांगा, वेगळे सांगितलेत तरी कोणी आधार कार्ड मागत नाही.

कोणती मीटिंग निवडायची

बंद मीटिंग फक्त त्यांच्यासाठी, ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे. खुल्या मीटिंगला बायको, भाऊ, मित्र, विद्यार्थी, कोणीही बसू शकते. पहिल्यांदा घरच्या माणसाबरोबर यायचे असेल तर खुली आहे ना हे विचारून घ्या.

सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. फी नाही, वर्गणी नाही, फॉर्म नाही. म्हणून "ए.ए.त भरती करतो, महिन्याचे इतके हजार" असे कोणी म्हणाले तर तो ए.ए. नव्हे. ते खासगी केंद्र असेल. केंद्र वाईटच असते असे मी म्हणत नाही, काहींना काही आठवडे राहून उपचार घ्यावेच लागतात. पण पैसे भरण्याआधी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, डॉक्टर कोण, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारा आणि जागा डोळ्यांनी बघा.

भाषेचे म्हणाल तर कोकणी आणि इंग्रजी जास्त ऐकू येते. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा भागातल्या मराठी वाचणाऱ्या माणसाला कोकणी परकी नाहीच. तुम्ही मराठीत बोललात तर कोणाला अडत नाही. वेर्णा किंवा कुंडईच्या कारखान्यांत कामाला आलेले कोल्हापूर-सोलापूरकडचे भाऊ मराठीत नाहीतर हिंदीत बोलतात, तेही चालते. अगदी मराठीच हवी असेल तर महाराष्ट्रातल्या गटांच्या मराठी मीटिंग ऑनलाइन होतात. त्यांची लिंक फोनवरच मागून घ्या. ए.ए.चे साहित्य मराठीतही मिळते.

मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये किंवा शाळेच्या वर्गात असली की आपल्यातले काही जण बिचकतात. "ते लोक धर्मात ओढतील" ही शंका मी शेजारच्या काकींच्या तोंडून ऐकली आहे. हॉल फक्त भाड्याने किंवा सोयीसाठी घेतलेला असतो. ए.ए. कोणत्याही धर्माशी, पंथाशी, पक्षाशी बांधलेली नाही. दारू सोडून राहण्याचे ए.ए.चे जे बारा टप्पे आहेत त्यांना बारा पावले म्हणतात, आणि त्यांत देवाचा उल्लेख आहे हे खरे, पण तो "आपल्याला जसा उमगेल तसा" देव. मंगेशाला मानणारा तिथे बसतो, फेस्ताला जाणारा बसतो, देव न मानणाराही बसतो आणि गटालाच आपली मोठी शक्ती म्हणतो.

खरी अडचण वेगळीच असते. गोवा लहान. हॉलच्या दारात कोणीतरी "तूं कोणाचो रे?" विचारायला उभा असेल ही धास्ती. ती खोटी म्हणणार नाही. माझा सल्ला सरळ आहे: पहिले काही आठवडे शेजारच्या तालुक्यातली मीटिंग धरा. म्हापशाच्या माणसाने पणजीला जावे, फोंड्याच्या माणसाने मडगावला. ओळखीचा चेहरा तिथेही दिसला, तर लक्षात घ्या, तोही त्याच कारणासाठी आलेला आहे आणि तुमच्याइतकेच त्यालाही झाकून ठेवायचे आहे.

बायकांसाठी हे अधिक अवघड. पिणाऱ्या पुरुषाला गाव "बेवडो" म्हणून हसते, पिणाऱ्या बाईला हसतही नाही, तिच्याकडे पाठच फिरवते. फोन करताना "मला एखाद्या बाई सभासदाशी बोलायचे आहे" असे स्पष्ट सांगा. खोलीत सगळे पुरुषच असतील तर पहिल्या दिवशी त्या ताईंना सोबत बोलवा. केवळ महिलांच्या मीटिंग ऑनलाइन मिळतात, आणि ज्यांना लेकरे टाकून संध्याकाळी बाहेर पडता येत नाही त्यांना त्या फार उपयोगी पडतात.

जाण्याचा दिवस

मीटिंग बहुधा संध्याकाळच्या असतात आणि तास-दीड तास चालतात. गावाकडे जाणारी शेवटची बस मात्र लवकर सुटते. म्हणून घरी परत कसे यायचे हे निघण्याआधीच ठरवा. फोनवरच विचारले की "आमच्या बाजूला जाणारे कोणी आहे का," तर स्कूटरवर मागची जागा बहुधा मिळून जाते. त्या दिवशी घोट घेतला असेल तर गाडी चालवू नका. पण घेतली म्हणून मीटिंग टाळूही नका. शांत मागे बसा, आज बोलू नका, एवढेच सांगतात.

दहा मिनिटे आधी पोहोचा. उशिरा गेले की सगळ्यांच्या माना वळतात, आणि नव्या माणसाला तेवढेच निमित्त परत फिरायला पुरते.

आत काय दिसते ते सांगते, म्हणजे धडधड कमी होईल. प्लास्टिकच्या खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या. भिंतीला बारा पावले आणि बारा परंपरांचे, म्हणजे गट कसा चालवायचा त्या तत्त्वांचे, दोन तक्ते, मीटिंग संपली की ते गुंडाळून पिशवीत जातात. टेबलावर थोडी पुस्तके आणि पत्रके. कोणीतरी चहाचा थर्मास उघडून कप भरत असतो, आणि नव्या माणसाचा कप जरा अर्धाच भरतो, कारण हात थरथरत असला तर सांडू नये. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. मग एक मिनिट शांतता, प्रार्थना, थोडे वाचन. त्यानंतर एकेक जण "मी अमुक, मी मद्यपाशी (दारूच्या पाशात अडकलेला) आहे" असे सांगून स्वतःचे अनुभव बोलतो. त्याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कोणी तोडत नाही, उलट प्रश्न करत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली तर "आज फक्त ऐकायला आलोय" म्हटले की पुरे. शेवटी एक पिशवी फिरते. ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो, हॉलचे भाडे आणि चहा त्यातूनच निघतो. बाहेरून देणगी घेत नाहीत. पहिल्यांदा आलेल्याने काही टाकावे अशी कोणाची अपेक्षा नसते.

पहिल्याच मीटिंगला "हे माझ्यासाठी नाही" असे वाटणे अगदी साहजिक आहे. समोरचा बोलत असतो नोकरी गेल्याबद्दल, बायको माहेरी गेल्याबद्दल, आणि तुमची नोकरी शाबूत असते. निर्णय तिथल्या तिथे घेऊ नका. वेगवेगळ्या गटांच्या चार-पाच मीटिंग करा, प्रत्येक गटाची तऱ्हा वेगळी. आणि ऐकताना "याचे माझ्यापेक्षा किती वाईट" हे मोजू नका, "हे माझ्यातही आहे" असे काय सापडते ते बघा.

निघताना नंबर घ्या

कोणाशी न बोलता सरळ बस पकडली तर आलेला दिवस निम्मा वाया. दोन-तीन जणांचे फोन नंबर घ्या आणि दुसऱ्याच दिवशी, प्यावेसे वाटत नसतानाही, एकाला फोन करा. सवय तेव्हा लागली तर तल्लफ आलेल्या रात्री बोट त्या नंबरावर जाते. काही काळाने त्यांच्यातलाच एक जुना सभासद स्पॉन्सर म्हणून निवडायचा असतो, बारा पावले तोच हाताला धरून करून घेतो. पुरुषाने पुरुष, बाईने बाई निवडावी असा प्रघात आहे आणि तो शहाणपणाचा आहे. घाई नको. ज्याच्यासारखे जगावेसे वाटते तो निवडा, गोड बोलणारा नव्हे.

सुरुवातीला 90 दिवसांत 90 मीटिंग करा असे जुने लोक सांगतात. सांगे किंवा काणकोणच्या आतल्या गावातून रोज ये-जा शक्य नाही. आठवड्याला एक-दोन प्रत्यक्ष, बाकी ऑनलाइन, आणि रोज एक फोन, अशी घडी बसते.

घरच्यांनी काय करायचे

तो जायला तयार नसला तरी तुम्ही जाऊ शकता. कुटुंबीयांसाठी ॲल-अनॉन ही वेगळी संघटना 1951 पासून आहे, किशोरवयीन मुलांसाठी तिचाच अलाटीन हा भाग. त्यांचीही माहिती ए.ए.च्याच फोनवर मिळते. तिथे नवऱ्याला कसे सुधारायचे हे शिकवत नाहीत. मी काय करणे थांबवायचे ते तिथे कळले: त्याच्या साहेबाला "ताप आहे" म्हणून फोन करणे, बाटल्या मोजणे, तावेर्नातली उधारी फेडणे. घरात मारहाण होत असेल तर मात्र मीटिंगची वाट बघत बसू नका, 112 ला फोन करा.

ए.ए. जमली नाही तर

एकच वाट सगळ्यांना लागू पडते असे नाही. 2020 साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. समुपदेशक ज्यांना नीट हाताला धरून ए.ए.शी जोडून देतात, त्यांच्यात दारू पूर्ण बंद राहण्याचे प्रमाण इतर उपचारांपेक्षा जास्त आढळले. पण ज्यांचे पिणे अजून शरीर-मनाचे नुकसान करण्याच्या टप्प्यावरच आहे, पुरते हाताबाहेर गेलेले नाही, त्यांच्यासाठी गोव्यातच एक पद्धत घडवली गेली. 1996 पासून इथे काम करणाऱ्या संगाथ संस्थेने स्थानिक, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशन करायला लावले. थोड्याशा भेटी, तेवढेच. 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले: तीन महिन्यांनी समुपदेशन घेतलेल्यांपैकी 36 टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी 26 टक्के. तेव्हा तुमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना "दारूसाठी समुपदेशन कुठे मिळेल" हे विचारायला संकोच करू नका. मीटिंग आणि समुपदेशन दोन्ही एकदम चालू ठेवता येते, औषधही.

पुन्हा प्याला तर

मीटिंगमध्ये याला स्लिप म्हणतात. झाली तर महिनाभर तोंड लपवून बसणे हाच मोठा धोका. त्याच दिवशी, किंवा शुद्धीवर आल्याबरोबर, घेतलेल्या नंबरांपैकी एकाला फोन करा. कोणी ओरडत नाही. सलग काही दिवस प्यायला असाल तर पुन्हा आधी डॉक्टर, मग मीटिंग, हा क्रम तसाच.

सणासुदीचे दिवस

गोव्यात दारू स्वस्त आहे, हाताशी आहे आणि पाहुणचाराचा भाग आहे. मार्च ते मे काजूच्या हंगामात ताजा हुर्राक घरोघरी येतो, कोणीतरी प्रेमाने बाटली आणून देतो. जूनमध्ये सांजाव, मग चवथ, पुढे जत्रा, फेस्त, नाताळ. नव्याने सोडलेल्या माणसाने पहिल्या वर्षी काही निमंत्रणे सरळ नाकारावीत. नातेवाईक रागावतील, पुढच्या वर्षी विसरतील. जायलाच हवे अशा ठिकाणी पोट भरून जा, सोबत न पिणारा माणूस न्या, पोहोचताच हातात सोलकढीचा पेला धरा आणि जेवणावळ रंगायच्या आत निघा. "थोडीच घे रे" म्हणणाऱ्याला लांबलचक कारण देऊ नका. "डॉक्टरांनी बंद केलीय" एवढे पुरते. जाण्याआधी एक फोन आणि परतल्यावर एक फोन, असे स्पॉन्सरशी ठरवून ठेवा. आणि सणाच्या आठवड्यात हॉल उघडा असणार का, नसल्यास मीटिंग कुठे, ऑनलाइन किती वाजता, हे आठ दिवस आधीच विचारून घ्या.